द्राक्ष निर्यातीच्या पत्रांतलं इंग्रजी: 'करून घेणे', 'अलीकडे आणणे' कसं लिहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पिंपळगाव बसवंतजवळ आमच्या भावकीच्या बागा आहेत, माल नेदरलँड्स आणि इंग्लंडला जातो. पॅकहाऊसचा पत्रव्यवहार यंदापासून पुतणी बघते. व्याकरण तिचं चांगलं आहे, अडतं ते रोजच्या कामांपाशी.

मुख्य अडचण 'करून घेण्या'ची. रेसिड्यूची, म्हणजे द्राक्षांवर उरलेल्या फवारणीच्या औषधांच्या अंशाची, तपासणी लॅब करते. मग 'वुई टेस्टेड द ग्रेप्स' लिहिलं तर आपणच तपासली असं होतं ना? 'गॉट' घालायचं की 'हॅड'?

दुसरं, लोडिंग शुक्रवारऐवजी बुधवारी करायचं असेल तर इथे सगळे 'प्रीपोन' म्हणतात. तिकडे कळेल का?

आणि 'प्लीज डू द नीडफुल'ला चांगला पर्याय सुचवा. पोरगी फार मनापासून शिकतेय, नीट शिकावी एवढीच इच्छा.

प्रतिसाद

ताई, 'वुई हॅड द ग्रेप्स टेस्टेड' लिहा. 'गॉट'ही बरोबर, पण ते बोलण्यातलं. शब्दांचा क्रम मात्र सांभाळायला सांगा. 'वुई हॅड टेस्टेड द ग्रेप्स' लिहिलं की आपणच आधी तपासली होती, असा अर्थ होतो.

'प्रीपोन' भारताबाहेर बऱ्याच जणांना अनोळखी आहे. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणं. 'पुट ऑफ', 'पुश बॅक' म्हणजे पुढे ढकलणं. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. 'मूव्ह फॉरवर्ड' टाळाच. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली तर ती कधी, असं इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाच अभ्यासकांनी विचारलं, तेव्हा काही सोमवार म्हणाले, काही शुक्रवार! म्हणून वार-तारीख दोन्ही लिहायची: 'फ्रॉम फ्रायडे १४ मार्च टू वेन्सडे १२ मार्च'.

'डू द नीडफुल'मध्ये काम कोणतं तेच कळत नाही. नेमकं मागा: 'कुड यू प्लीज कन्फर्म द लोडिंग डेट बाय थर्सडे?' 'अरेंज'चंही बघा. ट्रक हवा तर 'अरेंज अ ट्रक', पण माणसाने यायचं असेल तर 'अरेंज फॉर द इन्स्पेक्टर टू कम'.

धागाकर्ती

फार आभार, सगळं तिला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: 'बाय थर्सडे'ऐवजी 'टिल थर्सडे' चालेल का?

प्रतिसाद

इथे नाही. दोन्हीला आपण 'गुरुवारपर्यंत'च म्हणतो, त्यामुळे गल्लत होते. 'बाय' म्हणजे गुरुवार संपायच्या आत कधीही एकदा उत्तर द्या. 'टिल' तोवर चालूच राहणाऱ्या गोष्टीला: 'द ऑफर इज ओपन टिल थर्सडे'.