खेळ संपला तरी राहिलेले बोर्ड आणि पोस्टर - तुमचे अनुभव लिहा

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. नाटक बंद होतं, सिनेमा उतरतो, कधी अख्खं थिएटरच बंद पडतं, पण बाहेरचं पोस्टर काढायला कोणी येत नाही आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या टॉकीजचं शटर पडून बराच काळ झाला, पण तिकीट खिडकीशेजारच्या जाळीच्या कपाटात, वर 'आगामी आकर्षण' लिहिलेलं, एक पोस्टर अजून आहे. उन्हाने लाल-पिवळा रंग पार उडालाय, निळा तेवढा उरलाय, त्यामुळे हीरो-हिरॉईन दोघंही निळे दिसतात. टॉकीज नक्की कधी बंद पडलं हे गावात चार जणांना विचारलं तर चार वेगवेगळी वर्षं सांगतात. त्या पोस्टरवरच्या सिनेमावरून मात्र साल काढता येतं. म्हणून मला अशी पोस्टरं फार मोलाची वाटतात, नगरपालिकेच्या दप्तरात न सापडणारी गोष्ट तिथे भिंतीवर लावलेली असते. तुम्ही कुठे पाहिलेत असे बोर्ड? का राहिले, पुढे काय झालं? नाटक, सिनेमा, तंबूतला सिनेमा, सगळं चालेल.

*

दादरमध्ये वाढलो. चित्रा टॉकीज बंद झालं २०१९ च्या मे महिन्यात, आणि त्यानंतर किती दिवस तरी तिथून जाताना मान आपोआप वर जायची, आज काय लागलंय बघायला. लहानपणापासूनची सवय, शाळेतून येताना प्लाझाला काय, चित्राला काय, शिवाजी मंदिरला काय, हे सगळं रस्त्यावरूनच कळायचं, पेपर उघडायची गरजच नव्हती. आता मल्टिप्लेक्समध्ये बोर्ड आतल्या बाजूला असतात, तेही स्क्रीनवर सरकणारे, एक गेला की दुसरा. त्यामुळे मागे काही उरायचा प्रश्नच नाही. मला हे मोठं नुकसान वाटतं.

*

मी काही वर्षं एका नाट्यनिर्मात्याकडे व्यवस्थापकाच्या हाताखाली काम केलंय. धागाकर्त्यांचं म्हणणं सिनेमाला लागू आहे, नाटकाला तितकं नाही, कारण आपल्याकडे नाटक एका थिएटरला मुक्काम ठोकत नाही. शनिवारी शिवाजी मंदिर, रविवारी दुपारी गडकरी रंगायतन, पुढच्या आठवड्यात मुलुंडचं कालिदास, मग पुण्याला बालगंधर्व नाहीतर यशवंतराव, मधेच कोकण दौरा. म्हणजे एकाच नाटकाचे बोर्ड चार-पाच ठिकाणी टांगलेले असतात. आणि नाटक बंद झालं हे बहुतेक वेळा कोणी जाहीर करतच नाही. एका नटाला मालिका मिळते, त्याच्या तारखा जमेनाशा होतात, दोन प्रयोगांना बुकिंग पडतं, मग 'जरा थांबू या' असं ठरतं आणि ते थांबणं कायमचं होतं. पेपरातली जाहिरात येईनाशी होते एवढंच. त्या मधल्या काळात बोर्ड काढायचा निर्णय कोण घेणार? निर्मात्याला वाटत असतं परत सुरू करू, थिएटरच्या माणसाला वाटतं फ्लेक्स निर्मात्याचा आहे, आपण कशाला हात लावा. मग दुसरं नाटक येतं आणि जुना फ्लेक्स न सोडता त्याच चौकटीवर आपला बांधून टाकतं. एकदा एका नाट्यगृहाची मागची चौकट दुरुस्तीला खाली उतरवली तेव्हा एकाखाली एक असे किती थर निघाले, सगळ्यात आतल्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यातले दोन नट हयात नव्हते. ज्या पोराने तो सोडवला त्याला आमच्या साहेबांनी घडी घालून गाडीत ठेवायला सांगितला, कापू दिला नाही. त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी फार वाढला.

*

वरच्या दादांनी लिहिलंय त्यात २०२० ची भर घालते. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबई-पुणे-ठाण्यातली थिएटरं, नाट्यगृहं बंद झाली तो शुक्रवार होता, म्हणजे शनिवार-रविवारचे प्रयोग लागलेले, बोर्ड लिहून टांगलेले. आमच्या घराजवळच्या नाट्यगृहाच्या फाटकावर 'रविवार १५ मार्च दु. ४ वा.' असा बोर्ड होता. किराणा आणायला बाहेर पडले की तो दिसायचा. नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, थोडे प्रयोग झाले, एप्रिल २०२१ मध्ये परत कुलूप लागलं, ते निघालं २२ ऑक्टोबर २०२१ ला. त्या नाटकाचे प्रयोग नंतर झालेच नाहीत. मी त्याचं तिकीट काढलेलं होतं, पैसे परत मिळाले, पण नाटक बघायचं राहिलं ते राहिलंच. त्या बोर्डाचा फोटो आहे माझ्याकडे, आणि बॅकस्टेजच्या मुलांचे त्या काळात काय हाल झाले ते माहीत असल्यामुळे तो फोटो मी कधी डिलीट करणार नाही.

*

सिनेमाचं याच काळातलं उदाहरण म्हणजे 'सूर्यवंशी'. २४ मार्च २०२० ला येणार म्हणून पोस्टरं लागली होती आणि प्रत्यक्षात आला ५ नोव्हेंबर २०२१ ला. म्हणजे खेळ संपल्यावर राहिलेलं पोस्टर नाही, खेळ सुरूच न होता राहिलेलं.

*

मुंबईच्या मराठा मंदिर टॉकीजचं काय मग, तिथे तर पोस्टर उतरवायची वेळच येत नाही. दिलवाले दुल्हनिया २० ऑक्टोबर १९९५ ला लागला, लॉकडाऊनचा काळ सोडला तर चालूच.

*

मी कोल्हापूरचा, वडील बोर्ड पेंटर होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गावाला या कामाचा मोठा वारसा आहे. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग सिनेमात आले आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः करायचे. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक सिनेमा पोस्टरांमध्ये धरलं जातं. वडिलांची पिढी त्याच परंपरेतली, पण शाळेत न गेलेली, उस्तादाच्या हाताखाली ब्रश धूत शिकलेली. आधी छोटा फोटो घ्यायचा, त्याच्यावर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर खडूने पाडायच्या आणि एकेक चौकट मोठी करत जायची. जवळून बघितलं तर गालावर हिरवा आणि जांभळा फटकारा, रस्त्याच्या पलीकडून बघितलं की बरोबर माणसाचा गाल. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं, रंगवताना मधेच शिडीवरून उतरून रस्ता ओलांडून बघून यायचे.

आता मुद्द्याचं. हाताने रंगवलेला बोर्ड सहसा राहायचाच नाही, कारण कापड आणि लाकडी चौकट परत वापरायची असायची. सिनेमा उतरला की बोर्ड खाली यायचा, पांढरा हात मारायचा आणि गुरुवारी रात्री जागून नवीन सिनेमा त्याच्यावर चढायचा, शुक्रवारी सकाळी तो लागलाच पाहिजे. वडिलांनी आयुष्यभर काढलेली चित्रं अशी स्वतःच्याच हाताने पुसली. त्यामुळे कुठे रंगवलेला बोर्ड शिल्लक दिसला तर समजायचं की पुढचा सिनेमा आलाच नाही, एक तर थिएटर बंद पडलं नाहीतर फ्लेक्स आला. वडिलांचा असा एकच बोर्ड राहिला होता, एका थिएटरच्या मागच्या बाजूला भिंतीला टेकवलेला, फ्लेक्स सुरू झाल्यावर चौकटीची गरज संपली म्हणून कोणी पुसला नाही. मी त्यांना एकदा तिथे घेऊन गेलो होतो. बराच वेळ बघितला आणि म्हणाले, 'डावा डोळा जरा वर गेलाय.' नंतर थिएटरवाल्यांना मी तो मागितला, त्यांनी आनंदाने दिला, पैसेही घेतले नाहीत. कापड मधून फाटलंय, खालच्या पट्टीला वाळवी लागली होती ती कापून टाकावी लागली. पण चेहरा शाबूत आहे. आमच्या जिन्यात मावत नव्हता, खिडकीतून दोराने वर घेतला.

*

कोल्हापूरच्या दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. मीही तुमच्याच गावची, आता बाहेर असते. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तेव्हापासून मी जुन्या प्रयोगांच्या वेळचे बाहेरचे फोटो जमवतेय, लोकांच्या अल्बममध्ये मागे उभा असलेला बोर्ड दिसतो असे. तुमच्या वडिलांनी तिथले काही रंगवले असतील तर प्लीज सांगा.

*

मराठवाड्यातून. आमच्याकडे रंगवलेले बोर्ड कमी, कागदी पोस्टरच जास्त. टॉकीजचा माणूस सायकलवर पोस्टरचं भेंडोळं आणि खळीचा डबा घेऊन फिरायचा. खळ म्हणजे मैदा शिजवून त्यात थोडा मोरचूद घालायचा, म्हणजे किडे खात नाहीत. एसटी स्टँडच्या भिंतीवर एकावर एक चिकटवत जायचं, जुनं काढायची पद्धतच नाही, त्यामुळे तिथे पुठ्ठ्यासारखा जाड थर झाला होता. टॉकीज बंद पडल्यावर त्या भिंतीला कोणी हात लावला नाही आणि पुढच्या एका पावसाळ्यात तो थर वरून सुटून खाली लोंबायला लागला. मग आम्ही पोरं त्याच्या आत बघायचो, वरच्याच्या खाली कोणता, त्याच्या खाली कोणता. माझ्या जन्माआधीचे सिनेमे होते त्यात. मोठ्या भावाला बोलावून आणलं तर तो तिथेच उभं राहून सांगायला लागला की हा मी कोणाबरोबर पाहिला, हा बघायला कसा पळून गेलो. नंतर स्टँड नवीन बांधलं आणि ती भिंत गेली.

*

पुण्यातलं प्रभात टॉकीज आठवतं का कोणाला? १९३४ पासूनचं. मूळ मालकांकडे परत गेल्यावर किबे लक्ष्मी नाव झालं. नाव बदलल्यावरही रिक्षावाल्याला प्रभातच सांगावं लागायचं.

*

एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. जुना बोर्ड राहिला की छान वाटतं हे मान्य, पण लोखंडी चौकट गंजली की वादळात खाली येते आणि खाली फेरीवाले, रिक्षा, शाळेची मुलं असतात. आमच्या भागात बंद थिएटरच्या बोर्डाचा पत्रा वाऱ्याने सुटला होता, नशिबाने रात्रीची वेळ होती. तेव्हा धोकादायक असेल तर तक्रार करून काढायला लावाच. फक्त काढायच्या आधी फोटो काढा आणि काढणाऱ्या माणसाशी बोला. तो बोर्ड भंगारात जाणार असतो, त्याला किलोचे पैसे मिळणार असतात, तुम्ही तेवढेच दिलेत तर तो खुशीने तुम्हाला देतो. आमच्या इथल्या नाटकवेड्या मंडळींनी तशीच एका टॉकीजच्या नावाची पत्र्याची अक्षरं मिळवली, दोन अक्षरं आधीच गेली होती, ती तशीच गाळून बाकीची वाचनालयाच्या हॉलमध्ये लावलीत.

*

कागदी पोस्टर, फोटो सेट, गाण्यांची पुस्तकं असं काही कोणाकडे असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा विचार करा. १९६४ पासून ते हेच काम करतायत आणि त्यांच्याकडे सिनेमांबरोबर पोस्टरंही जपलेली आहेत. जुनं पोस्टर घरी ठेवणार असाल तर सेलोटेप अजिबात लावू नका, डिंक कागदात उतरतो आणि पिवळा डाग कायमचा पडतो. लॅमिनेशन तर नकोच. सपाट ठेवा, उन्हापासून लांब.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. व्यवस्थापक दादांचा नाटकाबद्दलचा मुद्दा पटला, नाटकाच्या बोर्डावरून शेवट कधी झाला ते नाही कळणार. सेलोटेपचा सल्ला वाचून लगेच एका मित्राला फोन केला, तो लावायच्या बेतात होता. आमच्या टॉकीजच्या मालकांच्या मुलाचा नंबर मिळालाय, त्या जाळीच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असेल तर विचारून बघतो. विदर्भातून अजून कोणी लिहिलेलं नाही. नागपूर, अमरावतीकडे जुनी टॉकीज होती, काहींच्या इमारती अजून उभ्या असतील, तिथल्या लोकांनी जरूर लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.