'एक्स्ट्रा व्हर्जिन'ला मराठीत काय म्हणावं?

एका इटालियन पाककृतीचा अनुवाद करतेय. ऑलिव्ह तेलाच्या 'एक्स्ट्रा व्हर्जिन'ला मैत्रिणीने 'अतिकुमारी' सुचवलं. हसून पुरेवाट झाली. पण मग लिहू काय? आणि यात 'एक्स्ट्रा' ते काय असतं?

– ताई, एक्स्ट्रा म्हणजे वरची प्रत, बाकी काही नाही. फळातून नुसतं यंत्राने काढलेलं, रसायन न लावलेलं, रिफाइन न केलेलं ते व्हर्जिन. युरोपातल्या नियमाने त्यात सुटी आम्लं ०.८ टक्क्याच्या आत हवीत आणि चव बघणाऱ्या पॅनेलला एकही दोष सापडता कामा नये, तरच एक्स्ट्रा. २ टक्क्यांपर्यंत नुसतं व्हर्जिन. तिथे किरकोळ दोष खपतो. मी 'कोरं तेल' म्हणेन. कोरं कापड म्हणतो तसं.

– 'कोरं' झकास! फक्त त्या ॲसिडिटीचं 'आंबटपणा' करू नका, ती जिभेला कळतच नाही. फळ आपटलं, ढिगात पडून राहिलं की तेल फुटतं आणि आम्लं सुटी होतात, त्याचं हे माप. गंमत बघा, रिफाइंडला मर्यादा ०.३ ची, म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिनहूनही कमी. घासूनपुसून काढल्यावर मळ राहील कुठला? तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

– सगळ्यात प्रामाणिक नाव 'लाम्पान्ते'. २ टक्क्यांच्या वरचं, किंवा चवीला फारच बिघडलेलं. मूळ अर्थ दिव्याचं तेल! आपल्याकडेही वाणी विचारतोच, "खायचं देऊ की दिव्याचं?" हे रिफाइन करतात, त्यात थोडं व्हर्जिन मिसळतात आणि मग ते नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' म्हणून विकलं जातं.

– आणि 'पोमेस' म्हणजे सरळ पेंडीचं तेल. उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंटने काढून रिफाइन केलेलं. बाटलीवर मराठीत 'पेंड' छापलं तर कोण घेईल, हा प्रश्न वेगळा.

– माझ्या बाटलीवर 'लाइट' आहे. वजन कमी करायला आणली होती...

– लाइट रंगाला आणि चवीला हो, कॅलरी तेवढ्याच.

– अरेरे! शेजारच्या काकूंकडून एक्स्ट्रा व्हर्जिन आणून चमचाभर तोंडात घेतलं, तर कडवट लागलं आणि घशात ठसका बसला. बिघडलंय का?

– नाही हो, कडवटपणा आणि ठसका दोन्ही गुणांत धरतात. खवट वास आला असता तर दोष. पाककृतीत 'अव्वल कोरं' लिहा.