झिदान कोच म्हणून भारी, की त्याला टीमच भारी मिळाली?

पेठकर :
काल रात्री रंकाळ्यावर बसलो होतो. विषय आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा, पुढच्या हंगामाला कोच कोण? अर्धी पोरं म्हणतात आपलाच जुना स्ट्रायकर घ्या, शाहू स्टेडियमवर त्याच्या नावानं अजून शिट्ट्या पडतात. बाकीच्यांना कोचिंगचं लायसन्स असलेला बाहेरचा माणूस पाहिजे. तिथनं गाडी झिदानवर गेली, फ्रान्सचा जुना स्टार, नंतर कोच झालेला.
माझं मत सरळ आहे. मोठ्या खेळाडूंना मोठा खेळाडूच आवरू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये स्पेनच्या रिअल माद्रिद क्लबनं कोच बेनिटेझला काढून झिदानला आणलं. गाठीला काय होतं? रिअलचा आधीचा कोच अन्सेलोत्तीचा सहायक म्हणून एक हंगाम आणि राखीव संघाचा दीड हंगाम. पाच महिन्यांत चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली! मग २०१७, मग २०१८. स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नाव पडल्यापासून त्याच्याआधी लागोपाठ दोनसुद्धा कुणाला जमल्या नव्हत्या.

सेंटरहाफ :
भावा, रोनाल्डो, मॉड्रिच, क्रूस, रामोस. ही पोरं दिल्यावर कोचचं काम काय, पाणी द्यायचं?
चॅम्पियन्स लीगच्या नॉकआऊटमध्ये नशीब चालतं, कोच दिसतो हंगामभर चालणाऱ्या स्पेनच्या लीगमध्ये. २०१७-१८ ला लीगमध्ये बार्सिलोनाच्या १७ गुण मागं, तिसऱ्या नंबरवर. कोपा देल रे, म्हणजे स्पेनच्या कप स्पर्धेत, घरच्या मैदानावर लेगानेसनं बाहेर काढलं. आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या कीव्हमधल्या फायनलला लिव्हरपूलच्या गोलकीपरनं दोन गोल हातानं वाढून दिले. २०१६ ची फायनल तर पेनल्टीवर सुटली.

पेठकर :
टीम तीच होती की बेनिटेझकडं! नोव्हेंबर २०१५ ला घरच्या मैदानावर बार्सिलोनाकडनं ०-४. बचाव सांभाळणारा मिडफिल्डर कासेमिरो त्या दिवशी बाकावर. एप्रिल २०१६ ला झिदाननं त्यालाच मधे उभा केला आणि बार्सिलोनात जाऊन २-१ नं जिंकला.
दुसरं, २०१६-१७ ला त्यानं रोनाल्डोला लीगच्या ३८ पैकी २९ च मॅच खेळवल्या. हंगामाच्या शेवटी गडी ताजातवाना. रोनाल्डोला ‘आज तू बस’ असं कुणी म्हणायचं? वर्ल्डकप फायनलला डोक्यानं दोन गोल मारलेला माणूसच म्हणू शकतो. आमच्या पेठेतल्या स्टार फॉरवर्डला बसवून बघा, संध्याकाळी अख्खी गल्ली कोचच्या दारात.

डावा पाय :
मग मॅराडोनाचं काय? त्याच्यापेक्षा मोठं नाव आहे का? २०१० च्या वर्ल्डकपला तो कोच असताना अर्जेंटिना जर्मनीकडनं ०-४. आमच्या गल्लीत कटआऊट उतरवताना माणसं रडत होती. फ्रान्सचा स्टार थिएरी ऑन्री कोच झाला, त्याला मोनॅकोनं तीन-साडेतीन महिन्यांत घालवलं. इटलीचा स्टार पिर्लो युव्हेंट्सला कोच म्हणून एकच हंगाम. नावाचा धाक पहिल्या आठवड्यापुरता, मग पोरं विचारतात उद्या करायचं काय.
उलट इटलीचा कोच साक्की बघा. व्यावसायिक फुटबॉल कधी खेळला नाही, बुटांच्या धंद्यात होता. तरी कोच म्हणून मिलानला १९८९ आणि १९९० ला युरोपियन कप, म्हणजे चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप. जॉकी व्हायला आधी घोडा व्हावं लागत नाही, हे त्याचंच म्हणणं.

पेठकर :
मग ब्राझीलचा झागालो? वर्ल्डकप खेळाडू म्हणून १९५८ आणि १९६२, कोच म्हणून १९७०.

गोलकीपरची बहीण :
मधे बोलते. लहानपणी आमच्या भागातल्या मुलींना शिकवायला एक नावाजलेले खेळाडू यायचे. बॉल घ्यायचे, कोपऱ्यात घालायचे, म्हणायचे ‘असं मारायचं’. बस. उभा पाय कुठं ठेवायचा, अंग किती झुकवायचं, काही नाही. त्यांना ते आपोआप येत होतं, सांगणार कुठनं? दोन महिन्यांत आम्ही नवीन काही शिकलो नाही, टाळ्या मात्र भरपूर वाजवल्या.
म्हणून मला झिदानच्या तीन चॅम्पियन्स लीगपेक्षा २०२० ची लीग मोठी वाटते. रोनाल्डो गेलेला. लॉकडाऊननंतर सलग दहा मॅच जिंकून, एक मॅच राखून लीग घेतली. अख्ख्या हंगामात गोल खाल्ले फक्त २५! ज्याच्या पायात एवढी नजाकत, त्यानं बचावावर लीग काढली. म्हणजे त्याला स्वतःसारखे खेळाडू नको होते, समोर आहेत त्यांच्याकडून होईल ते काढायचं होतं. हे नावावर होत नाही.

सेंटरहाफ :
हे पटलं. पण पुढच्याच हंगामात कोपामध्ये तिसऱ्या स्तरावरच्या अल्कोयानोकडनं हरला, हातात एकही कप नाही. २०२१ ला रिअल सोडल्यावर पुढची चार वर्षं तरी एक टीम घेतली नाही. दुसरीकडं करून दाखवलं असतं तर मी आज गप्प बसलो असतो.
आणि पेठकर, एक विसरलास. राखीव संघ सांभाळताना २०१४ ला योग्य लायसन्स नाही म्हणून स्पेनच्या फेडरेशननं त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी घातली होती. नंतर उठली, पण कोर्स त्यालाही चुकला नाही. त्या हंगामात तिसऱ्या स्तरावर त्याची टीम सहावी आली, बढतीच्या प्लेऑफलाही नाही. तुझा स्ट्रायकर सहावा आला तर तालीम थांबेल का?

पेठकर :
नाही थांबणार, तिसऱ्या मॅचलाच मीटिंग लागेल. बरं, माणूस आपलाच घेऊ, पण आधी लायसन्सच्या कोर्सला पाठवू. फी तालमीनं भरायची.

डावा पाय :
खजिनदाराला विचारलंस का? मागच्या मिरवणुकीच्या डॉल्बीचं बिल अजून थकलंय.