सायप्रसच्या पाकिटावर काटेरी तारेपाशी बसलेलं पोर, हे तिकीट कसलं?

नेरूळची_मेघा: नमस्कार मंडळी, एक शंका. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, जहाज लिमासोलला लागलं तेव्हा त्याने आमच्या चिरंजीवांसाठी मुद्दाम पत्र टाकलं (हल्ली कोण टाकतंय, पण भाच्याला तिकिटांचं वेड). पाकिटावर एक मोठं रंगीत तिकीट आणि शेजारी एक छोटंसं काळपट, त्यात काटेरी तारेपाशी बसलेलं मूल, किंमत फक्त २ सेंट. वाटीत कोमट पाणी घेऊन दोन्ही सोडवली आणि आता पोरगा सारखा विचारतोय की ते मूल कोण आणि तिथे का बसलंय. आणि २ सेंट मोठ्या तिकिटातच धरता आले नसते का?

जुना_ठाणेकर: मेघाताई, सोडवायला नको होतं हो, शिक्क्यासकट जोडी पाकिटावरच शोभते. असो. ते निर्वासित निधीचं तिकीट. जुलै १९७४ ला ग्रीसच्या लष्करी राजवटीने सायप्रसच्या राजधानीत, निकोसियात सत्ता उलथवली, पाच दिवसांत तुर्की सैन्य उतरलं आणि बेट कापलं गेलं. उत्तरेतले दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेला आले, कित्येक कुटुंबं तंबूत, आणि दक्षिणेतले हजारो तुर्की सायप्रियट उलट उत्तरेला गेले. त्याच डिसेंबरात जुन्या तिकिटावर छापून १० मिल्सचं (तिथले तेव्हाचे सुटे पैसे) काढलं, मुलाचं चित्र १९७७ ला आलं. हे टपालखर्चाच्या वर लावावंच लागतं, म्हणून वेगळं.

आपल्याकडेही होतं की! १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून लोंढे आले तेव्हा ५ पैशांचं, कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर 'रिफ्युजी रिलीफ' छापलेलं. खिडकीवर वडील कुरकुरायचे आणि तरी चिकटवायचे.

सीवूड्सचा_सुन्या: म्हणजे सक्तीची दानपेटी झाली ना काका. पन्नास वर्षं झाली, चित्रातलं पोर आता आजोबा झालं असेल. बरं पैसे मुलांना तरी मिळतात का?

जुना_ठाणेकर: फक्त मुलांना नाही रे, सगळ्या विस्थापितांसाठी आहे, चित्र तेवढं मुलाचं. मला विचारशील तर ते जरा चलाखीचंच, पोराकडे बघून हात खिशात जातो. आपलं १९७३ ला बंद झालं कारण आलेले बहुतेक परत गेले होते. तिकडे २००३ पासून पलीकडे जाऊन जुनं घर बघून येता येतं, पण त्यात दुसरंच कुटुंब राहतंय, मग निधी बंद करणार तरी कसा?

सीवूड्सचा_सुन्या: आणि उत्तरेतून आलेल्या पत्रावर?

जुना_ठाणेकर: ते तुर्कस्तानमार्गे येतं, तिकडच्या पत्त्यात 'मेर्सिन १०' लिहावं लागतं, मेर्सिन हे तुर्की बंदर. त्यावर हे तिकीट नाही. पोरं मात्र तिकडचीही घरातून उठली होती.

नेरूळची_मेघा: थँक्यू काका. भावाला म्हटलं अजून एक पत्र टाक, पाकीट तसंच ठेवते, तर म्हणतो जहाज कधीच सुएझ ओलांडून सिंगापूरला निघालं.