घरची तपकीर आणि चाळणीचा नंबर

आप्पाकाका: मंडळी, एक विचारायचं होतं. घरी तपकीर करून बघतोय. पानं वाळवली, खलात कुटली, चहाच्या गाळणीतून गाळली. वास झकास आलाय, पण ओढली की नाकात काटे टोचतात. आता नीट चाळण घ्यायची म्हणतो. ४०, ६०, ८०, १००, २०० असे नंबर दिसतात. नंबर मोठा तितकं बारीक, एवढं कळलं. मग सरळ २००ची घेऊन टाकू का?

काकू: अहो, माझी पिठाची चाळण रविवारपासून सापडत नाहीये.

आप्पाकाका: बघतो.

काकू: बघतो काय, माळ्यावर काय चाललंय ते मला माहीत आहे.

मंदाआत्या: आप्पा, या वयात हे उद्योग कुणी सांगितलेत तुला? आहे ती सोडायची, तर हा घरी कारखाना काढतोय.

नानामामा: आप्पासाहेब, चाळण वगैरे सोडा. जुनं मलमलचं धोतर घ्या आणि वस्त्रगाळ करा. त्याच्या तोडीचं काही नाही.

दादा: काका, थांबा, २००ची लगेच घेऊ नका. आमच्या लॅबमध्ये दिवसभर चाळण्याच हलवतो, म्हणून सांगतो. नंबर म्हणजे जाळीच्या एका इंचात किती भोकं बसतात ते. भोक केवढं, ते नंबर थेट सांगत नाही, कारण त्या इंचात तारेची जाडीही येते. प्रमाणित चाळणीत साधारण हिशोब असा: ४० नंबरला ४२५ मायक्रॉन, ६०ला २५०, ८०ला १८०, १००ला १५०, २००ला ७५. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. विकत घेताना नंबर नको, मायक्रॉन विचारा.

दादा: २००मधून जे खाली पडतं ती तपकीर नाही, धूळ. चिमटीत धरली तर निम्मी हवेत, ओढली तर नाकात थांबण्याऐवजी मागे घशात. ठसका लागून नाकी नऊ येतील.

आप्पाकाका: अरे पण टोचतंय, म्हणजे जाड आहे ना? मग बारीकच नको का?

दादा: फोटो टाका. नखावर थोडी घ्या आणि मोबाईल झूम करून काढा.

आप्पाकाका: (फोटो)

दादा: हे बघा, भुकटीत बारीक काड्या दिसतायत. पिवळट, सरळ, सुईसारख्या. त्या पानाच्या शिरा. तुम्ही गाळणीवर चमच्याने घासलंत का?

आप्पाकाका: घासलं की. नाहीतर खाली पडेचना.

दादा: तिथेच घोळ आहे. चाळणीला काडीची लांबी कळत नाही, ती फक्त जाडी बघते. काडी आडवी पडली तर अडकते, उभी झाली की भोकातून सुळकन खाली. चमच्याने घासून तुम्ही एकेक काडी उभी करून आत ढकललीत. आता १००ची चाळण आणून तीवरही घासलंत, तरी काटे येणारच, फक्त बारीक काटे. घासायचं नाही. चाळण दोन्ही हातांत आडवी धरून हलवायची, कडेवर तळव्याने टपटप मारायची. जे पडेल ते पडेल.

वहिनी: आणि शिरा आधीच काढा ना, आप्पाकाका. मधली जाड शीर पान कोरडं असताना दुमडून ओढली की सोलून येते. कुटल्यावर ती वेगळी करणं अवघड.

आप्पाकाका: ते मी आळस केला.

नानामामा: मी १०० नंबरची घेतली होती एकदा ऑनलाइन, दंतमंजनासाठी. भुकटी अगदी रवाळ निघायची. तेव्हापासून या नंबरांवर माझा विश्वास नाही.

दादा: मामा, ती आहे का अजून? पट्टी लावून एका सेंटिमीटरमध्ये किती तारा येतात ते मोजा. मोबाईलने मोठं करून मोजलं तर जमतं.

नानामामा: थांब.

नानामामा: २४. दोनदा मोजल्या.

दादा: २४ गुणिले २.५४ म्हणजे ६१. तुम्हाला १०० म्हणून ६०ची चाळण दिलीय. १०० असती तर सेंटिमीटरला ३९-४० तारा आल्या असत्या.

नानामामा: लबाड लेकाचे. तीन वर्षं मी माझ्या कुटण्यालाच दोष देत होतो.

मंदाआत्या: हा ग्रुप आता चाळण संशोधन केंद्र झाला.

आप्पाकाका: मलमलचं काय मग?

दादा: थोडं करायचं असेल तर चालते मलमल. फक्त तिची भोकं एकसारखी नसतात. ताणली की धागे सरकतात, एकीकडे फट, दुसरीकडे बंद. कापडाचे तंतूही उतरतात. मामांना राग यायला नको, पण आज जशी केली तशीच पुढच्या वेळी हवी असेल, तर तारेची जाळी बरी.

नानामामा: राग कसला. तारा मोजल्यापासून मी तुझ्या बाजूला आलोय.

आप्पाकाका: घरात जुनी पितळी चाळण आहे, छान बारीक आहे. ती घासून घेतली तर?

वहिनी: काका, त्यात सोडा घालणार आहात का तुम्ही?

आप्पाकाका: चिमूटभर धुण्याचा सोडा घालतात असं ऐकलंय, कडकपणा येतो.

वहिनी: मग पितळ नकोच. सोड्याने तंबाखू अल्कधर्मी होते आणि ओलाव्यात तिच्यातून अमोनियाही सुटतो. त्याने पितळ हिरवं पडतं. शिवाय जुन्या चाळणीच्या सांध्याला शिशाचं डाख असू शकतं, ते घासलं की भुकटीत उतरणार. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, सोडा ते खातो. स्टेनलेस स्टील घ्या, जाळीसकट सगळं. आणि तो ‘कडकपणा’ म्हणजे काय ते सांगते. सोड्यामुळे निकोटीन मोकळं होतं आणि नाकातून भराभर रक्तात जातं. चव वाढत नाही, मात्रा वाढते. तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, हे मी विसरलेली नाही.

आप्पाकाका: सोडा रद्द.

मंदाआत्या: शाब्बास गं!

वहिनी: आत्या, मी तपकिरीच्या बाजूची नाहीच आहे. धूर नसला म्हणून तंबाखू निरुपद्रवी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था धूरविरहित तंबाखूही पहिल्याच गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक म्हणून धरते. पण काका करणारच असतील तर निदान शिसं तरी नाकात जाऊ नये.

आप्पाकाका: ऐकतोय गं बाई. आता हे बघ. (फोटो) दुसरा घाणा काकूच्या चाळणीतून घालतोय. काहीच पडत नाही.

काकू: म्हणजे ती तुमच्याकडेच आहे.

दादा: भोकं चोंदलीत, काका. माल ओला आहे. तंबाखू हवेतला ओलावा ओढते, पावसाळी हवेत तर तासाभरात लुळी पडते. प्रत्येक भोकात एकेक झारीतला शुक्राचार्य बसलाय. पान चुरगळल्यावर कुरकुरलं पाहिजे, शीर वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे, तेव्हाच कुटायचं आणि लगेच चाळायचं. चोंदलेली चाळण पालथी करून मऊ ब्रशने झाडा. टाचणीने भोकं उकरू नका, तारा सरकतात.

आप्पाकाका: मग ओढताना कोरडी ठणठणीत नाही का लागणार?

दादा: ओलावा शेवटी द्यायचा. चाळून झाल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा, हलवायचं, परत फवारा, मग रात्रभर बंद डबीत. सकाळी गुठळ्या झालेल्या असतात, त्या मोडायला ४०ची चाळण लागते. म्हणून म्हणतो दोन घ्या, ४० आणि ८०. कुटल्यावर आधी ४०, म्हणजे शिरांचे तुकडे आणि कचरा वर राहतो. मग ८०. वर उरेल ते परत खलात.

नानामामा: आणि २०० कुणी घ्यायचीच नाही का मग? उगाच बनवतात की काय?

दादा: मामा, हा प्रश्न भारी आहे. ८०ची चाळण १८० मायक्रॉनच्या वरचं अडवते, पण त्याखालचं सगळं सोडते, धुळीसकट. चाळण वरून कुंपण घालते, खालून नाही. म्हणून जास्त वेळ कुटलं की धूळ वाढते आणि ती चाळून जात नाही. थोडं कुटा, चाळा, उरलेलं परत कुटा. तरीही धूळ जाणवली, तर २००ची उपयोगी पडते, पण उलटी. तिच्यावर जे राहील ते ठेवायचं, खाली पडेल ते टाकायचं.

नानामामा: अरेच्चा! म्हणजे आप्पासाहेब २००ची घेऊन नेमकं जे टाकायचं तेच ओढणार होते.

आप्पाकाका: नाकाला मिरच्या झोंबल्या, मामा.

दादा: प्रमाणपत्रवाली लॅबची चाळण मात्र घेऊ नका, नाकापेक्षा मोती जड व्हायचा. साधी स्टीलची, २० सेंटिमीटर व्यासाची, वर झाकण आणि खाली थाळा असलेली बघा. आल्यावर आधी तारा मोजा. ४०ला सेंटिमीटरला १६ आल्या पाहिजेत, ८०ला ३१-३२.

वहिनी: झाकण विसरू नका. आणि चाळताना मास्क लावा. आणि जी धूळ टाकाल ती उघड्या डब्यात ठेवू नका. छोटी रांगायला लागलीय, तोंडात गेलं तर थोडंसंही महागात पडतं. ज्या मिक्सरमध्ये किंवा चाळणीत तंबाखू गेली, ती परत स्वयंपाकघरात नको.

काकू: वाचलंत?

आप्पाकाका: वाचलं. तुझ्या चाळणीच्या तारा मोजल्या गं. १२ आल्या. म्हणजे ३० नंबर. पिठालाही जरा जाडच आहे ती.

काकू: ती आता ठेवा माळ्यावरच. मला नवी हवी. आणि तारा मोजून आणा.