मदत हवी आहे: पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, कालव्याच्या काठाने सायकलवर

संत्रानगरी

नमस्कार मंडळी. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी नागपूरच्या, दोघींनी पन्नाशी ओलांडलेली. येत्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गहून वॉशिंग्टनपर्यंत सायकलने जायचं आमच्या मनात आहे. माझी मुलगी पिट्सबर्गला असते, त्यामुळे निघण्याचं ठिकाण घरचंच. पुढचे साधारण ५४० किलोमीटर मात्र आम्हा दोघींचे. हा मार्ग कोणी केला असेल, किंवा कालव्याकाठचा असा दुसरा लांबचा मार्ग केला असेल, तर कृपया हात न राखता लिहा.

मार्गाचे दोन तुकडे आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलँड हा पहिला, २४१ किलोमीटरचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर बारीक चुनखडी अंथरून तो केला आहे. कंबरलँडपासून वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत दुसरा तुकडा, २९७ किलोमीटरचा, आणि हा चेसापीक अँड ओहायो कालव्याचा काठ. आपला पेंचचा नहर शेतीसाठी, हा होता नावांसाठी. १८२८ मध्ये खोदायला घेतला आणि १८५० मध्ये कंबरलँडपर्यंत पोचला. कोळशाने भरलेल्या नावा खेचरं दोराने ओढत न्यायची, आणि खेचरांना चालायला पाण्याच्या कडेने जी वाट ठेवली होती तीच आज सायकलची वाट आहे. १९२४ च्या पुरानंतर नावा बंद झाल्या.

पुढे तिथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं. तेव्हा, १९५४ च्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तो रस्ता उचलून धरणाऱ्या संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर हा काठ चालून बघा, मग लिहा. कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत ते स्वतः पूर्ण चालले. रस्ता झाला नाही आणि १९७१ मध्ये हा सगळा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. हे वाचलं तेव्हापासून या वाटेने माझं मन धरून ठेवलं आहे.

ओढ कशाची ते स्पष्ट सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल. आम्ही एकाच घरात राहतो, पण घरात निवांत बोलणं होत नाही. पहाटे सायकल काढतो तेव्हा बोलायचं असतं आणि रस्त्यावर ते जमत नाही. जबलपूर रोड असो की अमरावती रोड, मागून ट्रकचा हॉर्न आला की खांदे आवळतात आणि एकीने पुढे, एकीने मागे व्हायचं. कामठी येईपर्यंत वाक्य अर्धंच राहिलेलं असतं. दहा दिवस मागून गाडी येणार नाही अशी वाट जगात आहे, तर ती आम्हाला बघायची आहे. सामान गाडीतून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे आहेत असं कळलं, पण आमचं ओझं आम्हीच नेणार.

आता अडचणी. घरच्यांचं म्हणणं आहे की पहिला तुकडा करा आणि कंबरलँडहून परत या, कारण कालव्याची वाट कच्ची, एकाकी, आणि रात्री तंबूत झोपायचं. रोज पंचावन्न किलोमीटरच्या आसपास असा आमचा हिशेब आहे. दोन बायकांनी वाटेवरच्या कॅम्पवर मुक्काम करणं ठीक आहे का? पाण्याचं काय? आम्ही दोघी शाकाहारी आहोत, अंडंही नाही, तर छोट्या गावांत खाण्याचं काय होतं? सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नागपुरात राहून याची तयारी कशी करावी? आपल्याकडचा रस्ता एक तर डांबरी नाही तर काळ्या मातीचा.

पोटोमॅककाठ

ताई, मी मेरीलँडमध्ये राहतो, पोटोमॅक नदीला लागूनच. तुमचा हिशेब बरोबर आहे आणि दिशाही योग्य निवडली आहे. पिट्सबर्गहून निघालात की सुमारे दोनशे किलोमीटर चढ आहे, पण तो रेल्वेचा चढ. डोळ्यांना दिसत नाही, पायांना संध्याकाळी कळतो. मायर्सडेल गावाच्या पुढे ७२९ मीटरवर पाणलोटाची सीमा लागते. तिच्या अलीकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे जातं, पलीकडचं चेसापीकच्या उपसागराकडे. तिथून कंबरलँडपर्यंत ३८ किलोमीटर सलग उतार. वॉशिंग्टनहून उलटे येणारे लोक हाच तुकडा दात-ओठ खाऊन चढतात. बिग सॅव्हेज नावाचा एक किलोमीटर लांबीचा बोगदाही याच उतारावर आहे. तो हिवाळ्यात बंद करतात, ऑक्टोबरमध्ये उघडा असतो.

घरच्यांना म्हणावं, कंबरलँडहून परत येऊ नका. खरी वाट तिथून सुरू होते. कालव्याला एकूण ७४ लॉक आहेत, म्हणजे दोन दरवाज्यांमधला दगडी हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून नाव चढवायची-उतरवायची. एकेका लॉकमध्ये नाव साधारण अडीच मीटर चढते किंवा उतरते. त्यामुळे २९७ किलोमीटरमध्ये वाट जेमतेम १८४ मीटर उतरते, आणि तीही फक्त लॉकपाशी, एरवी सपाट.

पण सपाट म्हणजे सोपी असं समजू नका. कुठे माती, कुठे खडी, कुठे झाडांची मुळं. काही भागांत खडीचा नवा थर दिला आहे तिथे छान पळते. पाऊस पडला की चिकणमाती होते आणि चाक व मडगार्डच्या मधे भरते. टायर ३८-४० मिमीचे घ्या आणि मडगार्डखाली बोटभर जागा सुटू द्या. ऑक्टोबरमध्ये वाटेवर पानांचा थर असतो, त्याखाली अक्रोड आणि दगड लपलेले असतात. पानांवर जोरात ब्रेक मारू नका.

मुक्कामाचे कॅम्प दर आठ-दहा किलोमीटरवर आहेत. फुकट आहेत, आरक्षण नाही, एका जागी एकच रात्र. बाक-टेबल, शेकोटीची जागा, शौचालय आणि हातपंप असतो. पंपाच्या पाण्यात आयोडीन घालतात, चव थोडी औषधी लागते. पाणी तपासणीत नापास झालं तर पंपाची दांडीच काढून नेतात, म्हणून एका पंपावर विसंबू नका. पुढच्या दोन कॅम्पना पुरेल एवढं पाणी जवळ ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर सगळेच पंप बंद करतात. कचऱ्याचे डबे नाहीत, आपला कचरा आपण गावापर्यंत न्यायचा.

कंबरलँडपासून ४७ किलोमीटरवर पॉ पॉ बोगदा आहे, ९५० मीटरचा. आत दिवा नाही. एका बाजूला कठडा आणि खाली पाणी, वाट अरुंद. सायकलवरून उतरून ढकलत न्यायची असा नियमच आहे. डोक्यावर बांधायची बॅटरी बोगद्याच्या आधी हाताशी काढून ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. तिथून हॅनकॉक गावापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर सगळ्यात एकाकी. दुकानं जवळजवळ नाहीत, मोबाइलही बऱ्याच ठिकाणी लागत नाही. दोन वेळचं खाणं बरोबर असू द्या. पाऊस लागलाच तर लिटल ऑर्लिन्सपासून हॅनकॉकच्या पुढेपर्यंत कालव्याला समांतर डांबरी सायकलमार्ग आहे, वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल. त्यावर चढा, चिखल टळेल.

आणि ताई, तुमच्या बोलण्याबद्दल. वाटेवर बहुतेक ठिकाणी चाकांच्या दोन चाकोऱ्या आहेत आणि मधे गवताची पट्टी. एक चाकोरी तुमची, एक तुमच्या जाऊबाईंची. समोरून माणूस किंवा घोडा आला की घंटी वाजवून एकामागे एक व्हा. सायकलला घंटी हवीच, तिथे ती सक्तीची आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी पॉ पॉ ते विल्यम्सपोर्ट या भागात तासभर कोणी भेटत नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर माणसांपेक्षा गोचिडीची काळजी घ्या. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. रोज संध्याकाळी पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागची बाजू, मान तपासा. तीन-तीन पानांचे झुबके असलेली पॉयझन आयव्ही वाटेच्या कडेला सर्रास असते. तिला अंग लागलं तर फोड येतात. आडोशाला जाताना आधी पानं बघा.

धरमपेठी

नमस्कार ताई. मी अमेरिकेत गेलो नाही, पण ओझं लादून दिवसामागून दिवस सायकल चालवली आहे, म्हणून नागपूरच्या तयारीचं सांगतो.

रविवारी एकदाच शंभर किलोमीटर मारून काही होत नाही. शनिवारी पन्नास आणि रविवारी पुन्हा पन्नास, हे करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर बसवत नाही, तेव्हा खरं कळते की सीट बरोबर आहे का. रामटेक त्यासाठी एकदम मस्त आहे. नागपूरहून पन्नास किलोमीटर पडते. शनिवारी जा, खिंडसी तलावाकडे फिरा, मुक्काम करा, रविवारी परत. पहिल्या वेळी रिकामी सायकल, मग एका बाजूला बॅग, मग दोन्ही. ओझं असलं की सायकल वळते वेगळी, थांबते वेगळी, हे अंगात भिनावं लागते.

चढाची फिकीर नको, पण सलग पायडल मारायची सवय करा. सपाट वाटेवर पायाला आराम नाही राहत. उतार नाही म्हणजे पायडल थांबतच नाही. हायवेवर आपण मधे मधे सोडून देतो, तिथे ते चालणार नाही. अडासा-धापेवाड्याकडे गावातले रस्ते आहेत, ट्रक कमी. तिकडे न थांबता दोन तास चालवून पाहा.

आणि काळ्या मातीला नाव नका ठेवू ताई. जून-जुलैमध्ये एखाद्या पांदणीत सायकल घाला. चाक जाम होते, काडीने माती काढावी लागते, चेन धुऊन तेल द्यावं लागते. ते भाऊ सांगून राहिले त्या चिकणमातीची हीच प्रॅक्टिस. पंक्चर दोघींनाही स्वतः काढता आलं पाहिजे, आणि चेन तुटली तर जोडता आली पाहिजे. आपल्याकडे सराट्यांची कमी नाही, शिकायला भरपूर पंक्चर मिळतील.

नहराच्या पाळीवरून जायचं असेल तर आधी तिथल्या चौकीदाराला विचारा, आणि पाण्याच्या कडेला उतरू नका. अस्तरीकरण केलेल्या नहरात पाय घसरला तर धरायला काही नसते.

भूपाळी

माझं मत सायकली भाड्याने घ्यावं असं. विमानासाठी खोक्यात बसवायची, तिथे जोडायची, परत खोलायची, त्यात गिअरचा हँगर (मागचा गिअर ज्या पट्टीवर बसतो ती) वाकला तर मुक्कामाचे दिवस दुरुस्तीत जातात. पिट्सबर्गमध्ये या मार्गासाठीच रॅक लावलेल्या सायकली भाड्याने मिळतात. फक्त आपली सीट आणि पेडल इथून घेऊन जा. सीट सवयीची असली की निम्मं काम झालं. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागेल.

खाण्याचं म्हणाल तर पिझ्झा, बटाटा आणि शेंगदाण्याचं बटर सगळीकडे मिळतं. बीन्सबद्दल विचारून घ्या, त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं. आणि न विचारता ब्रेड-केक खाऊ नका, त्यात अंडं असू शकतं. उपमा, पोह्यांची पाकिटं न्या. अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरच्या तपासणीत खाद्यपदार्थ जवळ आहेत हे मात्र सांगा, लपवू नका.

संत्रानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पोटोमॅककाठ, तुमचा दोन चाकोऱ्यांचा परिच्छेद मी जाऊबाईंना वाचून दाखवला. तिने लगेच डावी चाकोरी मागून घेतली.

घरी काल बोलणं झालं. कॅम्पवर पाणी आणि शौचालय आहे, पॉ पॉच्या पट्ट्यात फोन लागणार नाही पण आधीच्या आणि नंतरच्या गावातून रोज निरोप देऊ, हे सांगितल्यावर विरोध बराच मावळला. एक गोष्ट सासूबाईंनी मागितली ती मान्य केली: कंबरलँड, हॅनकॉक आणि हार्पर्स फेरी या तिन्ही ठिकाणी तंबूत नाही, खोली घेऊन झोपायचं. आम्हालाही कपडे धुवायला ते हवंच होतं.

त्यानुसार आराखडा असा झाला. पहिला मुक्काम वेस्ट न्यूटन, मग ओहायोपाइल, रॉकवूड, आणि चौथ्या दिवशी उतार संपवून कंबरलँड. पुढे पॉ पॉ, हॅनकॉक, विल्यम्सपोर्ट, हार्पर्स फेरी, मग शेवटचे ९८ किलोमीटर दोन दिवसांत. मोनोकसी नदीवरून कालवा नेणारा सात कमानींचा दगडी पूल या शेवटच्या भागातच येतो, तिथे घाई नको म्हणून दोन दिवस. एक जादा दिवस पावसासाठी हाताशी ठेवला आहे. सायकली भाड्याने, सीट आपल्या. धरमपेठी, रामटेकचं वेळापत्रक पुढच्या शनिवारपासून सुरू करतो आहोत. पांदणीत सायकल घालायला जाऊबाई तयार आहेत, मी मन तयार करते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर कॅम्पवर किती वाजेपर्यंत पोचावं म्हणजे तंबू उजेडात लागेल? आणि दोघींत एक मोठा तंबू घ्यावा की दोन छोटे? एक घेतला तर दोन किलो वाचतं, पण जाऊबाई घोरतात आणि मला झोप लवकर लागत नाही. ज्यांनी दोघांनी मिळून असा प्रवास केला आहे त्यांनी यावर नक्की लिहा, तंबू या महिन्यातच घ्यायचा आहे.