मदत हवी आहे: कफात जंतू सापडला नाही, मग न्यूमोनिया गंभीर कशावरून?

सासरे (वय ७१) न्यूमोनियाने अ‍ॅडमिट आहेत. घरी असतानाच झाला. ताप फारसा नव्हता, खोकला बेताचाच, पण बोलणं असंबद्ध झालं होतं; मला नणंदेच्या नावाने हाका मारत होते. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरा डाग आहे. डॉक्टर म्हणाले, स्कोर ३ आहे, म्हणजे गंभीर. आता कफाच्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट आलाय, त्यात रोगजंतूंची वाढ नाही. रक्ताचं कल्चरही कोरं. तरी शिरेतून दोन अँटिबायोटिक्स चालूच आहेत.

जंतूच सापडला नाही तर गंभीर कसं ठरवलं? आणि औषधं दोन कशाला? उपचारांबद्दल तक्रार नाही, पण राउंडच्या घाईत एवढं सगळं विचारता येत नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

स्कोर बहुतेक कर्ब-६५ असेल, म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर हे पाच निकषांवर मोजायची पद्धत. त्यात जंतूचा संबंधच येत नाही. भ्रम, रक्तात वाढलेलं युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० पर्यंत उतरलेलं, वय ६५ वा पुढे: प्रत्येकाचा एक गुण. तीनपासून पुढे गंभीर. वय आणि भ्रम हे दोन तुम्हीच लिहिलेत, तिसरा केसपेपरवर दिसेल. ताप नव्हता यावर जाऊ नका, म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा आधी डोकंच भरकटतं.

जंतू न सापडणं तर नेहमीचंच. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, अ‍ॅडमिट झालेल्या प्रौढांपैकी ६२ टक्क्यांत कारण हाती लागलं नव्हतं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर नमुना घेतला तर न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू) सहसा उगवत नाही. रिपोर्टवर एपिथेलियल सेल्स (तोंडाच्या अस्तराच्या पेशी) किती आहेत ते बघा. भरपूर असतील तर तो कफ नव्हे, लाळ तपासली गेलीय.

दोन औषधांचं म्हणाल तर, पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या पेशीभिंतीवर घाव घालतात. न्यूमोकोकसला ती चालतात. पण न्यूमोनिया करणारे आणखी दोन जंतू आहेत: मायकोप्लाझ्माला भिंतच नसते आणि लिजिओनेला आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो. हे दोघे साध्या कल्चरमध्ये वाढतही नाहीत. म्हणून जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं, भिंतीवर अवलंबून नसलेलं आणि पेशींच्या आत पोचणारं औषध देतात.

धागाकर्ती

खूप आभार! एपिथेलियल सेल्स २५ हून जास्त लिहिलंय, आणि नमुना इंजेक्शननंतरच घेतला होता. सोडियम १२६ आहे, जुलाबही होताहेत. याचा काही संबंध?

प्रतिसाद २

असू शकतो. कमी सोडियम, जुलाब आणि भ्रम एकत्र दिसले की लिजिओनेला डोक्यात यायलाच हवा, अर्थात तेवढ्यावरून निदान होत नाही. जुलाब अँटिबायोटिकनेही होतात. लघवीची लिजिओनेला अँटिजेन टेस्ट (लघवीत त्या जंतूचे अंश शोधणारी) झालीय का, एवढं नक्की विचारा. ती मुख्यतः एकाच उपप्रकाराला पकडते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून दुसरं औषध लगेच बंद करा असा आग्रह धरू नका. फ्लूची तपासणीही विचारा. फ्लूच्या पाठोपाठ कधीकधी स्टॅफिलोकोकस या जंतूचा न्यूमोनिया होतो, तो फार झपाट्याने बिघडतो.

श्वास वाढला, गुंगी आली किंवा लघवी कमी झाली तर राउंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरना सांगा.